बिनकाट्याचा घास

मैत्रिणींनो, संध्याकाळचे सहा वाजले की तुमच्याही पोटात गोळा येतो का हो? भुकेचा नव्हे, 'आज रात्रीला काय करायचं?' या प्रश्नाचा! माझ्या तर हटकून येतो. मी जळगावच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. तास म्हणाल तर रोजचे चारच. पण वह्यांचा गठ्ठा, रिक्षा भरेपर्यंत ताटकळणं आणि वाटेतला बाजार धरला, की असोद्याला घरात पाय ठेवेपर्यंत दिवेलागण होते. पिशवी खाली ठेवून चहाचं आधण चढवावं, तोच आमच्या चिरंजीवांची हाक येते, "आई, आज काय?"

आज मी तुम्हांला अशा धावपळीच्या संध्याकाळी पंचवीस मिनिटांत होणारा एक पदार्थ सांगणार आहे. माशाचे कटलेट. नाव ऐकून लगेच पान उलटू नका! 'आमच्याकडे चालत नाही' म्हणणाऱ्या बहिणींसाठीही यात अर्धा वाटा राखून ठेवला आहे. आणि ज्यांच्याकडे चालतं, पण मुलं आणि म्हातारी माणसं काट्याला भितात, त्यांच्यासाठी तर मुद्दाम लिहायला बसले आहे.

असोदा म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. एक, हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. त्यांचा जन्म १८८० सालचा, इथलाच. आणि दुसरी, भरिताची वांगी. थंडी पडली की पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजल्याचा वास गल्लीगल्लीतून येतो. जळगावच्या भरीत वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा वांगी-केळीच्या गावात मासे कुठून आले, असं तुम्ही विचाराल. ते माझ्याबरोबर आले!

माझं माहेर भुसावळचं. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात, मूळचे रत्नागिरीकडचे. आई समुद्राच्या माशांवर वाढलेली. पापलेट-सुरमईचा मधला काटा उचलला की घास तयार, एवढंच तिला ठाऊक. भुसावळला संसार मांडला आणि तिच्या वाट्याला आला तापीचा रोहू. हतनूरचं धरण १९८२ साली पूर्ण झालं, तेव्हापासून तिकडचे मासेही बाजारात असत. आईने पहिल्यांदा रोहूचं कालवण केलं, तेव्हा दोघांना एक-एक तुकडा खायला पाऊण तास लागला आणि शेवटी आईच्या डोळ्यांत पाणी आलं. काटा लागला म्हणून नव्हे, वैताग आला म्हणून!

आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एक बंगाली कुटुंब राहत होतं. त्या बाईंना आम्ही मुलं काकीमा म्हणायचो. त्यांनी आईला शिकवलं, की रोहूशी भांडायचं नसतं, त्याला आधी उकडायचं. मग बोटांनी चुरून एकेक काटा काढायचा आणि बटाट्यात कालवून त्याचे चॉप करायचे. पुढे आमच्या घरी पाहुणे आले की रस्सा कमी आणि हे चॉपच जास्त व्हायचे. आम्ही त्याला सरळ कटलेट म्हणू लागलो. रेल्वेच्या वसाहतीत वाढलेल्या मुलांना हा शब्द काही परका नव्हता.

आता माझ्या सासरची गोष्ट. आमचं लग्न आम्ही दोघांनी कॉलेजात असतानाच ठरवलेलं. घरच्यांनी नाराजी धरली, आणि यथावकाश सोडलीही. सासूबाई माळकरी. संत मुक्ताबाईंच्या पालखीबरोबर मुक्ताईनगरहून पंढरपूरला पायी जाऊन आलेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात मासे शिजणं शक्यच नव्हतं आणि मीही तसा हट्ट धरला नाही. तरी लग्नानंतर सहा महिन्यांनी त्यांनीच मागच्या ओट्याकडे बोट दाखवून सांगितलं, "तिथं कर तुले काय करायचं ते. भांडे मात्र येगळे." झालं! मागच्या ओट्यावर एक छोटी शेगडी, एक तवा, एक पातेलं, एक सुरी असा माझा दुसरा संसार सुरू झाला. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. एकादशी आणि श्रावण आहेतच. उरल्या दिवसांतला एखादा बुधवार माझा असे.

आणि अशाच एका बुधवारी तो प्रसंग घडला. तीन वर्षं झाली. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. मी रोहूचा रस्सा केला होता. त्याच्या ताटात घालताना मी काटे काढले होते. निदान मला तसं वाटलं होतं. दोन घासांनंतर तो एकदम थांबला आणि गळ्याला हात लावून रडायला लागला. मग जे सगळ्या घरांत होतं तेच आमच्याकडे झालं. कोणी म्हणालं, कोरड्या भाताचा गोळा गिळायला लाव. कोणी म्हणालं, केळ्याचा मोठा घास दे. मी घाबरून दोन्ही केलं. काटा काही जाईना, उलट पोर आणखीच कळवळलं. रात्री नऊ वाजता मोटारसायकलवर मध्ये त्याला घेऊन आम्ही जळगावला दवाखाना गाठला. डॉक्टरांनी घशात उजेड टाकला, चिमट्याने एक केसाएवढा काटा काढला आणि मला दाखवला. दोन मिनिटांचं काम.

त्यांनी तेव्हा सांगितलेलं तुम्हीही लक्षात ठेवा. काटा अडकल्यासारखं वाटलं तर भाताचे गोळे आणि केळ्याचे घास मुळीच कोंबू नका. त्याने काटा आणखी आत रुतू शकतो. घशात बोटही घालू नका. शांतपणे खोकू द्या आणि टोचणं थांबलं नाही तर डॉक्टरांकडे न्या. लाळ गिळता येत नसेल, रक्त येत असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर एक क्षणही घरी थांबू नका.

घरी परतलो तेव्हा सासूबाई दारात बसलेल्या होत्या. त्या बोलतील, मी ऐकून घेईन, अशी मनाची तयारी करून मी आले होते. पण त्या काही बोलल्या नाहीत. मुलाला जवळ घेऊन थोपटत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी ओट्यावरचा तवा उचलून माळ्यावर टाकला. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मलाच धसका बसला होता. मुलगा तर 'मासा' म्हटलं की गळ्याला हात लावायचा. अडीच वर्षं आमच्या घरात मासा शिजला नाही.

गेल्या जानेवारीत बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्याचं व्हायचं होतं. आई जाऊन दोन वर्षं झालेली. भाऊ पुण्याला, त्याला रजा मिळेना. बाबा भुसावळला एकटे. डोळ्यात दर काही तासांनी थेंब कोण घालणार? म्हणून मी त्यांना असोद्याला घेऊन आले. पण मुलीच्या घरी मुक्काम करायचा म्हटला की त्या पिढीच्या माणसांना किती संकोच होतो, ते तुम्हांला मी सांगायला नको. बाबा खुर्चीच्या अगदी कडेला बसत. ताटात पडेल ते जेवत. "आणखी काय हवं?" म्हटलं की, "काही नको, छान झालंय," एवढंच.

सासूबाई आणि बाबा एकमेकांशी सरळ बोलतच नसत. ह्या डोक्यावरचा पदर सावरून नातवाला म्हणायच्या, "विचार आजोबाले, चहा घेता का?" आणि नातू तीन हातांवर बसलेल्या आजोबांना विचारायचा. आजोबा म्हणायचे, "सांग आजीला, घेईन अर्धा कप." असा टपालाचा कारभार!

एके दिवशी मी भाकरी थापत होते. बाहेरून बाबांचा आवाज आला. ते हळूच नातवाला विचारत होते, "काय रे, तुमच्या इथं रोहू मिळतो का?"

मुलगा म्हणाला, "मिळतो. पण आम्ही नाही खात. त्यात काटे असतात."

"हो, असतात खरे," बाबा म्हणाले आणि गप्प झाले.

माझा हात भाकरीवरच थांबला. एक डोळा ऑपरेशनचा, दुसऱ्यावर मोतीबिंदू. ह्या माणसाला रोहूचा तुकडा वाढणार तरी कसा? मी ऐकलं तसं सासूबाईंनीही ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी निवडायला मेथी घेऊन बसल्या असताना त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाले मासे लागता का व?"

"लागत नाहीत हो, आठवतात," मी म्हणाले.

त्यांनी दोन-चार काड्या निवडल्या. मग म्हणाल्या, "मंग करून घाल. मले काय करायचं? मी न्ही खात, त्यायनं खावं. पण पोराचं पाहाजो."

पोराचंच तर पाहायचं होतं! आणि तेव्हा मला काकीमांचे कटलेट आठवले.

इथे जरा माझ्यातल्या शिक्षिकेला बोलू द्या. रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या आणि पूर्वेकडच्या नद्यांतले मासे. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण तिथे सहसा अंडी घालत नाहीत. त्यामुळे पूर्वी त्यांचं बीज नद्यांतूनच गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशांना पियूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांची पैदास करून दाखवली. म्हणूनच १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. तेव्हापासून हे बीज हवं तिथे नेऊन तलावांत आणि धरणांत सोडता येऊ लागलं आणि समुद्रापासून लांब राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या ताटात रोहू येऊन बसला.

पण तो येताना काटे घेऊन आला. ह्या जातीच्या माशांत कणा आणि बरगड्या सोडून आणखीही बारीक काटे असतात. ते कण्याला जोडलेले नसतात, मांसातच रुतलेले असतात आणि पुष्कळदा त्यांचं टोक दुबेळक्यासारखं फाटलेलं असतं. हे बारीक काटे पाठीच्या आणि शेपटीकडच्या मांसात असतात. पोटाकडच्या तुकड्यात फक्त बरगड्यांचे मोठे काटे. ते डोळ्यांना दिसतात आणि ओढले की सुटतात. हे कळल्यावर मला वाटलं, अरे, त्या दिवशी मी मुलाला शेपटीकडचा तुकडा वाढला होता! 'छोटा तुकडा, छोट्या ताटाला' असा माझा हिशेब.

मंगळवारी संध्याकाळी ह्यांनी अर्धा किलो रोहू आणला. मी ओट्यावर तुकडे उकडले आणि गार करून परातीत घेतले. मनात होतं, भाकऱ्या झाल्या की काटे काढू. तेवढ्यात बाबा चाचपडत बाहेर आले आणि म्हणाले, "आण इकडे."

"बाबा, तुम्हांला दिसणार नाही."

"दिसायला कशाला हवं? बोटं आहेत की."

आणि खरंच, मैत्रिणींनो, काटे काढायला डोळ्यांपेक्षा बोटंच उपयोगी पडतात! चौतीस वर्षं तारा जोडलेली ती बोटं. चिमूटभर मासा घ्यायचा, अंगठा आणि तर्जनीत हलकेच चोळायचा. टोचलं की ओढून काढायचा. बाबा मान वर करून, कुठेतरी लांब पाहत बसल्यासारखे बसले होते आणि बोटं भराभर चालली होती. मुलगा आधी दारात उभा होता. मग उंबऱ्यावर बसला. मग परातीजवळ.

"हा काटा?" त्याने विचारलं.

"हा काटा. ठेव वाटीत. मोज."

तो मोजू लागला. ज्या काट्याला तो अडीच वर्षं भीत होता, तो वाटीत पडताना टिक् असा बारीक आवाज होतो, याची त्याला भारी गंमत वाटली. बाबांनी काढायचे, त्याने मोजायचे. शेवटी त्याने चुरा लोखंडी तव्यावर पसरला, कारण काळ्या तव्यावर पांढरा काटा चटकन दिसतो, आणि आणखी दोन शोधून काढले. एकूण भरले ६३.

हे सगळं सासूबाई आतून पाहत होत्या. मी बटाटे काढले, तशा त्या म्हणाल्या, "बटाटे कशाले व? घरात केयाची फणी पडेल हाय." त्यांचं बरोबर होतं. कच्चं केळं उकडलं की बटाट्यापेक्षा कोरडं राहतं, कटलेट फुटत नाही आणि अंडंही घालावं लागत नाही. केळीच्या जिल्ह्यात राहून मला हे सुचलं नव्हतं! पुढे त्यांनी आणखी एक अट घातली, "मासे टाकायच्या आधी माझं काढून ठेवजो." मग केळ्याचं आणि मसाल्याचं मिश्रण त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच परातीत, त्यांच्या हातांनी मळायचं ठरलं. अर्ध्याचे त्यांचे कटलेट. उरलेलं अर्धं घेऊन मी ओट्यावर जायचं आणि त्यात मासा मिसळायचा.

राहता राहिला फ्रिज. काटे काढलेला मासा बुधवारपर्यंत ठेवायचा कुठे? नातवामार्फत निरोप आला, "आजी म्हणते, डब्यात डबा घाल. खालच्या कप्प्यात. दुधापासून लांब!" मोठा प्रश्न मिटला.

बुधवारी शाळेतून आले. चहा होईतो केळी कुकरमध्ये उकडली. सासूबाईंनी मिश्रण मळून दिलं. पंचवीस मिनिटांत दोन ताटं तयार झाली. सासूबाईंचे कटलेट लांबट आणि आमचे गोल, म्हणजे चुकूनही घोटाळा नको.

मुलाने कटलेट हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि आजोबांना विचारलं, "सगळे वाटीत आहेत ना?"

"६३ वाटीत आहेत," बाबा म्हणाले. "चौसष्टावा असलाच तर तो माझ्याच ताटात येणार. मी मोठा आहे."

त्याने एक कोपरा तोडला. बराच वेळ चावला. आम्ही सगळे दुसरीकडे पाहत होतो. मग त्याने दुसरा घास घेतला आणि मी श्वास सोडला. बाबांनी दोन खाल्ले, तिसरं मागून घेतलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत माझ्या घरी त्यांनी काही मागून घेतल्याचं मला आठवत नाही. खाऊन झाल्यावर म्हणाले, "तुझ्या आईपेक्षा तिखट झालेत." एवढंच. पण बाबांना ओळखणाऱ्याला ते पुरेसं आहे.

आता तुम्ही कृती लिहून घ्या.

साहित्य : रोहू किंवा कटला अर्धा किलो (काटे जाऊन साधारण दोन वाट्या गर निघतो), मध्यम आकाराची कच्ची केळी सहा, दोन कांदे बारीक चिरून, हिरव्या मिरच्या सहा-सात, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, आल्याचा तुकडा, मूठभर कोथिंबीर, एक चमचा हळद, दोन चमचे घरचा काळा मसाला, एक लिंबू, चार चमचे तांदळाचं पीठ, चवीला मीठ, वरून लावायला ज्वारीचं जाडसर पीठ किंवा रवा आणि शेंगदाण्याचं तेल. यात माशाचे दहा-बारा आणि बिनमाशाचे आठ-दहा कटलेट होतात. सगळेच खाणारे असतील तर केळी तीन घ्या आणि बाकीचं साहित्य निम्मं करा; मासा तेवढाच.

आदल्या दिवशी : तुकड्यांना मीठ, थोडी हळद आणि अर्धं लिंबू लावून दहा मिनिटं ठेवा. अर्धी वाटी पाण्यात झाकण ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवा. मांस कण्यापासून सहज सुटलं की शिजलं समजा. गार झाल्यावर कातडं आणि मोठे काटे काढा, मग चिमूट चिमूट चोळून बारीक काटे काढा. पाठीच्या आणि शेपटीच्या तुकड्यांना दुप्पट वेळ द्या. शेवटी काळ्या तव्यावर पसरून एकदा पाहा आणि झाकणाच्या डब्यात भरून लगेच फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी संपवून टाका, त्याहून शिळा करू नका. शिजवलेलं पाणी गाळून त्याच रात्री रश्श्याला वापरता येतं.

ऐन वेळी : हातांना तेल लावून केळ्यांची टोकं कापा, नाहीतर चीक लागून हात काळे होतात. सालासकट कुकरला दोन शिट्ट्या द्या. सोलून, गरम असतानाच किसून किंवा कुस्करून घ्या. मिरची, आलं आणि लसूण वाटून घ्या. केळ्यात वाटण, कांदा, कोथिंबीर, उरलेली हळद, मसाला, तांदळाचं पीठ, मीठ आणि उरलेलं लिंबू घालून मळा. इथे मिश्रणाचे दोन भाग करा. एका भागाचे लांबट कटलेट करा. हवं तर त्यात शेंगदाण्याचा कूट घाला. दुसऱ्या भागात मासा घालून हलक्या हाताने मिसळा आणि गोल कटलेट थापा. माशाला आधीच मीठ लावलेलं असतं, म्हणून चव पाहूनच आणखी घाला. ज्वारीच्या पिठात घोळवून तव्यावर थोड्या तेलात मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी तीन-चार मिनिटं भाजा. खालची बाजू खरपूस होऊन सुटल्याशिवाय उलटू नका. घाईनेच कटलेट मोडतात.

काही सूचना : मासा घेताना डोळे चकचकीत, कल्ले लाल आणि मांस दाबल्यावर वर येणारं असावं. काट्यांना वेळच नसेल तर मरळ किंवा चिलापी घ्या. त्यांत हे बारीक काटे नसतात, कणा आणि बरगड्या काढल्या की झालं. तरी बोटं एकदा फिरवाच. हाताचा वास लिंबाची साल आणि बेसन चोळलं की जातो. उरलेले कटलेट दुसऱ्या दिवशी डब्यात देऊ नका. उन्हाळ्यात तर नकोच.

'झटपट' म्हणून सांगितलं आणि आदल्या दिवसाचं काम काढलं, असं म्हणून माझ्यावर रागावू नका हं. बिनकाट्याचा घास झटपट होतो तो कोणीतरी आधी बसून काटे काढलेले असतात म्हणून. ते काम तुम्हीच करायला पाहिजे असं मात्र नाही. घरात रिकामी बसलेली, 'मी काय करू?' असं मनात म्हणणारी एखादी जुनी बोटं असतील, तर परात त्यांच्यापुढे ठेवून पाहा.

बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. आता त्यांना छान दिसतं आणि ते भुसावळला परत गेले आहेत. तिथून आमच्याकडे यायला त्यांना पूर्वी दहा वेळा बोलवावं लागे. आता दर पंधरा दिवसांनी मंगळवारी संध्याकाळी ते आपण होऊन येतात. "काटे काढायला आलो," म्हणतात. परात घेऊन ओट्यावर बसतात, नातू शेजारी वाटी घेऊन बसतो. आतापर्यंतचा उच्चांक ८१ आहे. वाटी मागच्या लिंबाच्या झाडाखाली रिकामी करायची, हे सासूबाईंनीच ठरवून दिलं. "झाडाले चालतं," म्हणाल्या.

परवा सोमवारी मी वह्या तपासत होते. सासूबाई केळ्याची फणी घेऊन आल्या, ती कोपऱ्यात ठेवली आणि नातवाला म्हणाल्या, "फोन लाव आजोबाले. सांग, उद्या मंगळवार हाय."